एका दगडावर बसवलेला नकाशा

मी खासगी मोजणीवाला. जालन्यात टायरच्या दुकानावर माझं एका खोलीचं ऑफिस आहे, पण आठवड्यातले पाच दिवस मी कुणाच्या ना कुणाच्या शेतात काठी धरून उभा असतो. काठीच्या टोकावर एक पांढरी तबकडी असते, तिला रोव्हर म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस जेवायचं ताट काठीवर पालथं घालून कशाची वाट बघतोय? त्या ताटात अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि थोडे आपले असे तीस-पस्तीस उपग्रह एकाच वेळी बोलत असतात. सगळे मिळून मला सांगतात, की बाबा रे, तू पृथ्वीवर नेमका इथे उभा आहेस. चूक झालीच तर दोन बोटांची.

एवढं असून माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी याच काठीने केली. माझ्याच गावात, माझ्याच बांधावर, पंधरा माणसांसमोर आणि वर नारळ फोडून.

आमचं गाव हसनाबादच्या अलीकडे. शेत दादा बघतो, म्हणजे माझा मोठा भाऊ. शेताला लागून माझ्या मित्राचं शेत. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही, आणि काय आवडत नाही हे सांगण्याइतकंही तो सध्या माझ्याशी बोलत नाही. पूर्वी बोलायचा. रोज सकाळी म्हशीखाली बसला की फोन खांद्यात दाबून मला लावायचा. पहिल्यांदा बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज यायचा, मग त्याचा.

"कुठं हाईस?"

"बदनापूरला. कामावर."

"बदनापूरला कुकर शिट्ट्या मारू राह्यला का रे? ऊठ, आंघोळ कर."

मग मी आज कुठे जाणार ते सांगायचो आणि तो मला रस्ता सांगायचा. परतूरला तो जन्मात दोनदा गेलेला, तरी परतूरचा रस्ता तो मला सांगायचा. स्टेशनाच्या अलीकडं उतर, डाव्या हाताला सरकीचा ढीग लागंल, ढीग संपला की विचार. "ढीग विकला गेला असंल तर?" असं मी विचारलं की म्हणायचा, "मंग ढिगाच्या जागी उभं राहून विचार." मोबाइलमध्ये नकाशा असून मी हे सगळं मुकाट ऐकून घ्यायचो. मला रस्ता नको असायचा. तो सांगतोय हे हवं असायचं. हे मात्र तो सांगायचा बंद झाल्यावर कळलं.

तर नारळाची गोष्ट.

माझं आधीचं यंत्र फक्त अमेरिकेचं ऐकायचं. झाडाखाली गेलं की पाच-सहा उपग्रह उरायचे आणि पडद्यावर 'फ्लोट' असं यायचं. फ्लोट म्हणजे यंत्राला अंदाज आहे, खात्री नाही. खात्री पटली की 'फिक्स'. अर्धी जिंदगी मी लोकांच्या आंब्याखाली फिक्सची वाट बघत काढली. मग नवीन रोव्हर घेतला, सगळ्यांचं एकत्र ऐकणारा. अमेरिकेचे दोन झाडाआड गेले तर रशियाचे तीन समोर यायचे, ते गेले तर चीनचे. दाट चिंचेखालीसुद्धा मिनिटाच्या आत फिक्स. मला इतका आनंद झाला की उद्घाटन गावात, आपल्याच शेतात करायचं ठरवलं. दादाने मोजणी मागितली नव्हती. मित्राने मागितली नव्हती. बांधावरून आमच्या दोन घरांत कधी 'अरे' ला 'का रे' झालेलं नव्हतं. केवळ माझी हौस.

इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. उपग्रह एवढंच सांगतात की मी कुठे उभा आहे. शेत कुठे आहे ते नकाशा सांगतो, आणि तो कागदावरचा नकाशा जमिनीवर बसवायला हद्दीचे जुने दगड शोधावे लागतात. कमीत कमी तीन. साधी चूलही तीन दगडांशिवाय बसत नाही. आमच्या शेताचा एक दगड रस्त्याच्या कामात गेला होता, दुसरा पाटाच्या मातीत. उरला एक, आणि तो म्हसोबा होता. बांधाच्या कोपऱ्याशी, मित्राच्या बाजूच्या चिंचेखाली, शेंदूर फासलेला. आमच्याकडे हद्दीच्या दगडाला शेंदूर लागणं नवीन नाही. आणि एकदा दगडाचा देव झाला की त्याला कोणी हलवत नाही, म्हणून आम्हा मोजणीवाल्यांचा इतर कुठल्याही दगडापेक्षा अशा दगडावर भरवसा जास्त.

मी त्या एका दगडावर नकाशा बसवला. दिशेसाठी नाल्याची कड धरली. वरून चौतीस साक्षीदार बोलावले आणि खालून एकच.

"किती निघालं?" दादाने विचारलं. लोक जमले होते, नारळाचा प्रसाद वाटून झाला होता.

मी निवडणुकीचा निकाल सांगावा तसा आवाज काढला. "सहा फूट. आपला बांध सहा फूट आत सरकलाय."

"बराबर हाय का पन?" मागून कोणीतरी म्हणालं.

"बरोबर? अमेरिका आणि रशिया कधी एका गोष्टीवर हो म्हणतात का? इथे म्हणू राह्यलेत. चीनही हो म्हणतोय. आणखी कोणाला विचारू?"

लोक हसले. मित्र हसला नाही. तो चिंचेखाली उभा होता. त्याने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग शेजारी काठीवर हात टेकून उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांकडे. त्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणायचो.  मग मित्र एवढंच म्हणाला, "अजून एखादा दगड बघ ना."

"दगड राहिलेत कुठं?" मी म्हणालो, आणि पुन्हा लोकांना हसवलं.

बाबांनी टोपी सारखी केली. "मशीन म्हनतंय, म्हसोबा म्हनतोय, मंग आपून कोन?" असं म्हणून त्यांनी दगडाला हात जोडले. विषय संपला.

सहा फुटांच्या त्या पट्ट्यात मित्राची मोसंबीची एक अख्खी ओळ होती. अकरा झाडं. आठवड्याभरात दादाने ओळीच्या पलीकडून सिमेंटचे खांब रोवले. झाडं तोडली नाहीत, तेवढी लाज त्याला होती. पण फळं तोडायलाही आमच्या घरचं कोणी गेलं नाही, आणि खांबाच्या अलीकडे यायला त्यांच्या घरचं कोणी तयार नव्हतं. मोसंबी झाडावर पिवळी व्हायची, खाली पडायची, तिथेच काळी व्हायची. मी गावाकडे गेलो की मोटारसायकलवरून आधी तो वास यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, आठ दिवस फुगेल आणि मग शिव्या द्यायला तरी फोन करेल. शिव्यांसाठी मी तयारी करून बसलो होतो, उलट काय बोलायचं तेसुद्धा पाठ केलं होतं. सकाळच्या त्या वेळेला आता फक्त विमा विकणाऱ्या एका बाईचा फोन यायचा. फार गोड बोलायची, पण मागे धारांचा आवाज नव्हता.

एकदा परतूरला गेलो असताना मी मुद्दाम रस्ता चुकलो. म्हटलं, रस्ता विचारला की ह्याला राहवणार नाही. स्टेशनाजवळ उभं राहून फोन लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला, पुन्हा पूर्ण वाजला. मग चुकण्याचं नाटक करताकरता मी खरोखरच एका भलत्या गल्लीत शिरलो, आणि पाठीवर लाखमोलाचं यंत्र असताना पानटपरीवाल्याला विचारून बाहेर पडलो. टपरीवाला म्हणाला, "साहेब, ही पाठीवर बंदूक हाय का?"

पुढच्या वर्षी बाबा गेले. मी गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो. मित्राने डोकं वर केलं तेव्हा त्याची नजर माझ्यावरून अशी गेली, जशी माणसाची नजर विजेच्या खांबावरून जाते. त्या दिवसापासून मला खांब हा शब्द आवडत नाही.

अशी चार वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात नाल्याच्या पलीकडच्या एका शेताचं काम आलं. आमच्याच शिवारातलं. त्या माणसाने पाट खोल करताना मातीतून जुना दगड काढला होता, आणि आणखी दोन दगड त्याला ठाऊक होते, जागचे न हललेले. तीन दगड! नकाशा असा बसला, जसा डब्यावर डबा. काम झालं, दुपार शिल्लक होती. म्हटलं, हाच नकाशा पुढे ओढून आपलं शेत बघू. काठी घेऊन चिंचेखाली आलो. पडद्यावर बघतो तर म्हसोबा जिथे असायला हवा तिथून सहा फूट बाजूला बसलेला.

पहिल्यांदा मी यंत्राला झटकलं, रेडिओला झटकतात तसं. मग मला चीनचा संशय आला. माझ्या रोव्हरमध्ये ज्या देशाचं ऐकायचं नाही त्याचं बटण बंद करता येतं. चीन बंद केला. सहा फूट. म्हटलं, रशियाचं सध्या लक्ष नसेल. रशिया बंद केला. सहा फूट. युरोप बंद केला, अमेरिका बंद केली, पुन्हा चालू केली, एकेकाला दुसऱ्याशिवाय एकटं गाठून विचारलं, पोलीस आरोपींना वेगवेगळ्या खोल्यांत घालून विचारतात तसं. मध्ये एकदा तर फक्त आपले चालू ठेवून बघितले. आपले थोडे, एकट्याने त्यांचं फिक्स होईना, नुसतंच फ्लोट. पण ज्यांचं ज्यांचं फिक्स झालं त्यांनी त्यांनी तोच जबाब दिला. सहा फूट. वरच्यांत खोटा कोणीच नव्हता. खाली संशयित एकच उरला, आणि त्याला शेंदूर लावलेला होता.

मी चपला काढून त्याच्यासमोर उकिडवा बसलो. बसलो आणि उजव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. त्या अंगठ्याचं नख माझं लहानपणापासून वाकडं आहे. कोणी विचारलं की मी सांगतो, बैलाने पाय दिला होता. बायकोला तेच सांगितलं, लेकीला तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की तो बैल मला दिसायला लागला होता, पांढरा, कपाळावर भोवरा असलेला.

आमच्याकडे पांढरा बैल कधीच नव्हता.

नखावर तो दगड पडला होता. आम्ही तेव्हा तिसरी-चौथीत असू, मित्र आणि मी. अवकाळी पाऊस होऊन गेलेला, जमीन लोण्यासारखी मऊ. चिंचेची हाताला न लागणारी एक फांदी गाभुळलेल्या चिंचांनी भरली होती आणि चढायला काहीतरी पाहिजे होतं. बांधावर एक लांबट दगड रोवलेला होता. आम्ही तो हलवून हलवून उपटला, लोटत लोटत चिंचेखाली नेला, उभा केला आणि त्यात माझा अंगठा चेंगरला. मी बोंबललो. चिंचा मात्र तोडल्या. घरी मी बैलाचं नाव सांगितलं. पुढच्या अमावस्येला त्याची आई तिकडून आली तर तिला चिंचेखाली नवा दगड उभा दिसला. मागच्या अमावस्येला नव्हता, आज आहे. तिने आधी हळद वाहिली आणि मग शेंदूर. संध्याकाळी आम्ही दोघं गोठ्यामागे लपून उभे. देव हलवला म्हणून नाही, देव केला म्हणून. तिथे त्याने माझ्याकडून आणि मी त्याच्याकडून शपथ घेतली, की मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही.

मी शपथ पाळली ती विसरून. त्याने पाळली ती लक्षात ठेवून. बाबा शेजारी उभे असताना, ज्या दगडाला त्यांनी पस्तीस-चाळीस वर्षं हात जोडले तो दगड म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. अकरा झाडं गेली तरी नाही. 'अजून एखादा दगड बघ' इतकंच म्हणाला, आणि मी लोकांना हसवलं.

मी तसाच चालत त्याच्या घरी गेलो. अंगणात तो मोसंबी निवडत बसला होता, मोठी एका क्रेटमध्ये, बारीक दुसऱ्यात. त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला बघितलं, त्या आत गेल्या आणि चहाचं भांडं वाजलं. मी जमिनीवर बसलो.

"तो दगड आपन हलवल्ता," मी म्हणालो.

त्याने एक मोसंबी फिरवून बघितली आणि मोठ्यात टाकली. "चार वर्षं लागली."

"मी इसरून गेल्तो रे. खरंच."

"इतके उपग्रह हाईत तुझ्याकडं. एकालाबी आठवलं न्हाई?"

"तू सांगायचं ना!"

"बाबा उभे होते," तो म्हणाला. आणखी पाच-सहा मोसंब्या निवडून झाल्यावर म्हणाला, "बाबा गेले. पन माय अजून जाती अमुशेला. गुडघे धरून जाती."

वहिनींनी चहा आणून ठेवला. "भाऊजी, तुम्ही मोठे मोजनीवाले," त्या म्हणाल्या, "एका दगडावर मी पातेलंसुदीक ठेवत न्हाई." आणि आत गेल्या. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. शपथेत बायको धरत नसावेत.

मी म्हणालो, "उद्याच गाव जमा करतो. हद्द चुकली म्हणून सांगतो. खांब काढतो."

"का चुकली म्हनशील?"

 खरं कारण सांगितलं तर त्याच्या आईचा देव जाणार. दगड जागेवर ठेवायचा आणि बांधही जागेवर आणायचा, तर चुकायला तिसरं कोणीतरी पाहिजे होतं.

"मशीन चुकलं म्हनतो," मी म्हणालो.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मंग तुला ह्या शिवारात पुन्हा काठी कोन धरू देईल?"

"न्हाई देनार."

"बघ बाबा," तो म्हणाला आणि क्रेट उचलून आत गेला. चहा मी एकट्याने प्यायला.

दादाला सांगितलं तर त्याने आधी हातातलं काम पुरं केलं. मग म्हणाला, "तू नारळ फोडून माझी इज्जत वाढवली आन् आता मशीन चुकलं म्हनून उतरवू राह्यला. काढायचे तर काढ. मी खांबाला हात लावनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी पारावर मी उभा राहिलो. तीच पंधरा माणसं, आणि आणखी वीस, कारण मोजणीवाला स्वतःची चूक सांगणार हे बघायला लोक हसनाबादहूनही येतील. मी म्हणालो, यंत्रात घोळ होता, हद्द चुकली, जुना बांधच खरा. एवढ्यावर कोणाचं समाधान होईना. "पन घोळ कशाचा?" एक म्हातारा सोडेना. माझी नजर मागे उभ्या असलेल्या मित्रावर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "चीनच्या उपग्रहांनी केला."

सगळा पार एकदम खूष. "मला तवाच वाटल्तं!" म्हातारा म्हणाला. "चायनाचा माल!" दुसरा म्हणाला. ज्याच्या घरची टॉर्च, मोबाइल, फवाऱ्याचा पंप सगळं चिनी, तोही मान हलवत होता. त्या बिचाऱ्या उपग्रहांनी वरून मला खरं तेच सांगितलं होतं, आणि मी खाली त्यांच्यावर आळ घेतला. तेव्हापासून गावात मला 'चायना' म्हणतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात वाढप्यानेसुद्धा ओरडून सांगितलं, चायनाला जिलबी वाढा. खरी गोष्ट इथे लिहितोय, पण काळजी नाही, गावात कोणी वाचली तरी माझ्यावर विश्वास कोण ठेवतो? ती सोय मी करून ठेवली आहे.

मित्र पाराजवळ थांबला नाही. जाताना माझ्या बाजूने गेला आणि थांबल्यासारखं करून म्हणाला, "खांब लई खोल हाईत. एकट्यानं निघायचे न्हाईत." ते निमंत्रण होतं का नुसती माहिती, हे मला कळलं नाही. मी निमंत्रण धरून चाललो.

रविवारी उजाडायच्या आत मी जालन्याहून पहार घेऊन निघालो. तो नऊला आला. सतरा खांब होते. तो खणायचा, मी पहार घालायचो, दोघं मिळून हलवायचो. चार वर्षांचं बोलणं माझ्या पोटात साठलेलं होतं. लेकीने शिक्षण अर्धवट सोडलं ते, माझ्या साखरेचं, परतूरची ती गल्ली. त्याला सांगावं म्हणून मी दोनतीनदा सुरुवातही केली, "अरे, एकदा परतूरला..." तो खणत राहिला, आणि माझं वाक्य पुढे गेलं नाही. खांब काढताना तो चारच वेळा बोलला. "पहार इकडं." "तिरपी धर." "तिरपी म्हन्लं ना." आणि "सोड, मी बघतो." चारही वाक्यं पहारीबद्दल. पण मी चुकीची धरली की तो चिडत होता, आणि त्याचं ते चिडणं इतक्या दिवसांनी कानावर पडत होतं की मी दोनदा मुद्दाम सरळ धरली.

दुपारी वहिनी भाकरी घेऊन आल्या. तो चिंचेच्या त्या बाजूला बसून जेवला, मी या बाजूला. मध्ये म्हसोबा. जेवून उठताना त्याने तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या हातावर ओतलं, जसं कोणाच्याही हातावर ओततात.

पंधरावा खांब आडवा झाला तेव्हा चारही वाजले नव्हते. दोन उरले होते. अर्ध्या तासाचं काम, ऊन अजून चिंचेच्या शेंड्याच्या वर. त्याने हात झटकले, कमरेवर ठेवले आणि त्या दोन खांबांकडे बराच वेळ बघितलं.

"ह्ये दोन आज काई होत न्हाईत," तो म्हणाला.

मी वर उन्हाकडे बघितलंच नाही. "छे, बिलकुल न्हाई," मी म्हणालो. "लई खोल गेल्यात."

"पुढच्या आइतवारी बघू."

"बघू. पहार नेऊ का ठेवू?"

"ठेव," तो म्हणाला, आणि म्हशींकडे गेला.